आवाज कुणाचा?

बोनस जमा झाल्याचा मेसेज आला की डोक्यात तीन गोष्टी येतात. गोव्याची ट्रिप, नवा फोन आणि हॉलमध्ये दणदणीत म्युझिक सिस्टिम. पहिल्या दोन गोष्टींवर सल्ला द्यायला अख्खं ऑफिस रांगेत उभं असतं. तिसरीबद्दल मात्र सगळे एकच वाक्य बोलतात, ‘अरे, बेस बघून घे रे!’ झालं! एवढ्या एका वाक्याच्या भरवशावर लोक चाळीस-पन्नास हजार उडवून मोकळे होतात. सहा महिन्यांनी बघावं तर त्या सिस्टिमवर पितळेचा गणपती, दोन ट्रॉफ्या आणि वायफायचा राउटर बसलेला असतो.

तर मंडळी, आजचा विषय स्टिरिओ. होम थिएटर वेगळं, पार्टी स्पीकर वेगळा आणि ‘हे बघ, यात लाइट पण लागतात’ वालं ते डबडं तर फारच वेगळं. स्टिरिओ म्हणजे दोन स्पीकर्स, त्यांना चालवणारा एक अ‍ॅम्प्लिफायर आणि समोर बसायला जागा, बस्स. इतकी साधी गोष्ट आहे, तरी दुकानात गेल्यावर ती सोडून बाकी सगळं आपल्याला दाखवलं जातं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझ्या टीममधला एक मित्र. तो आणि त्याची बायको खराडीत भाड्याच्या वन बीएचकेत राहतात. हॉल दहा बाय चौदा फुटांचा. तो रहमान आणि हेवी मेटल, दोन्ही सारख्याच भक्तिभावानं ऐकणारा. ती सीए, आणि शनिवारी सकाळी नेमानं गाणं शिकायला जाणारी. संध्याकाळी दोघं एकाच सोफ्यावर बसतात, याच्या कानात याचे इअरबड्स आणि तिच्या कानात तिचे. ‘दोन वर्षं झाली लग्नाला, एक अख्खं गाणं आम्ही दोघांनी मिळून कधी ऐकलंय ते मला आठवतच नाहीये,’ असं ती एकदा जेवताना अगदी सहज बोलून गेली. त्यानं दुसऱ्या दिवशी बोनसमधले ४०,००० रुपये बाजूला काढले आणि मला फोन केला. मला गाण्याच्या यंत्रांचा जुना नाद, त्यामुळे असे फोन मला येतातच. पण हा जरा वेगळा होता. यंत्र चुकलं तर पुढच्या बोनसपर्यंत परत इअरबड्स, हे तिघांनाही कळत होतं.

पहिला रविवार आम्ही दुकानं पालथी घालण्यात घालवला. पहिल्याच दुकानात सेल्समननं त्याच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि आम्हाला थेट ५.१ च्या सेटसमोर नेऊन उभं केलं. ‘सर, फुल पॉवर आहे. खाली सबवूफर, बाजूला पाच सॅटेलाइट. मॅडम, दिसायला पण स्लीक आहे बघा.’ मग त्यानं हॉलिवूडच्या एका सिनेमातला स्फोट लावला. काचेचं दार थरथरलं. मित्राचा चेहरा उजळला, त्यानं कार्ड काढायचंच बाकी होतं.

ती मात्र शांतपणे म्हणाली, ‘दादा, एक मिनिट, माझं काही लावून बघू का?’ आणि तिनं फोनमधून रियाजाचा तानपुरा लावला.

मंडळी, तानपुऱ्याइतकी कडक परीक्षा मी पाहिलेली नाही. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा सा सुमारे १३९ हर्ट्झला लागतो आणि तानपुऱ्यातली खरजाची तार त्याच्या बरोब्बर निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झला. त्या सेटमधल्या सॅटेलाइट्समध्ये जेमतेम तीन इंचाचे स्पीकर होते. असला चिमुकला स्पीकर इतक्या खाली जाऊच शकत नाही, म्हणून साधारण दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे सोपवलेलं असतं. परिणाम काय? तानपुऱ्याच्या जवारीचा झणत्कार समोरून येत होता आणि खरज कोपऱ्यातल्या खोक्यातून गुरगुरत होता. माणसाचा आवाज लावला तर आणखी गंमत. गवई समोर बसलाय आणि त्याचं पोट मात्र सोफ्याच्या मागे! तिनं फक्त भुवया उंचावल्या. सेल्समननं घाईघाईनं परत स्फोट लावला.

यातून पहिला फंडा क्लिअर करून घ्या. तुमचं बजेट जितकं लहान, तितक्या कमी खोक्यांत ते वाटायला हवं. चाळीस हजारांत पाच सॅटेलाइट, एक सबवूफर आणि वर सगळ्यांना पुरेल असा अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा म्हटलं की प्रत्येकाच्या वाट्याला चणे-फुटाणे येतात. तेच पैसे दोन स्पीकर्सवर लावले की त्यात नीट लाकूड, नीट कोन, नीट ट्विटर येतो. तसंही तुमच्या फोनवरची जवळजवळ सगळी गाणी दोनच चॅनेलची असतात. रोज रात्री सिनेमा बघणाऱ्यांना ५.१ लखलाभ, पण त्यांचा कॉलम वेगळा.

स्टिरिओच्या जन्माचा किस्साही सांगण्यासारखा आहे. अ‍ॅलन ब्लमलाइन नावाचा ईएमआय कंपनीतला इंग्रज इंजिनिअर होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला होता म्हणे. पडद्यावर नट एका टोकाला आणि आवाज भलतीकडूनच येतोय हे पाहून तो वैतागला आणि यावर आपल्याकडे उपाय आहे असं तिथंच तिला म्हणाला. डिसेंबर १९३१ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. दोन स्पीकर्समधून येणाऱ्या आवाजाच्या बारीक फरकावरून आपला मेंदू मधल्या रिकाम्या हवेत माणूस उभा करतो, ही सगळी जादू त्या अर्जात आहे. म्हणजे स्टिरिओची सुरुवातच होणाऱ्या नवरा-बायकोच्या एकत्र बसण्यातून झाली. मित्राला हे मी मुद्दाम सांगितलं.

आता वॅटचं बघू, कारण दुकानात सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते. ज्यांनी नव्वदच्या दशकात टू-इन-वन बघितलाय त्यांना ते चमचमणारं स्टिकर आठवत असेल, ‘पीएमपीओ’ आणि पुढे हजारातला आकडा. त्या आकड्याला कसलंच ठरलेलं प्रमाण नव्हतं, ज्याला जो वाटेल तो त्यानं छापावा. आता पीएमपीओची फॅशन गेली, पण ‘टोटल पॉवर’, ‘पीक पॉवर’ अशा नवीन कपड्यांत तोच भाऊ फिरतोय. तुम्ही फक्त आरएमएस किती ते विचारायचं, आणि तेही एका चॅनेलला किती ते.

आणि किती लागतात खरं तर? स्पीकरच्या कागदावर ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणून एक आकडा असतो, बहुतेक घरगुती स्पीकर्सचा ८५ ते ९० डेसिबलच्या मधला. एक वॅट दिला तर एक मीटरवर इतका आवाज येईल, असा त्याचा अर्थ. आपल्या दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये असे दोन स्पीकर एकेका वॅटवर चालवले तर सोफ्यावर सहज ८० डेसिबलच्या पुढे जातात. तेवढ्यात शेजारच्या काकू बेल वाजवतात. बाकीचे वॅट लागतात ते तबल्याच्या थापेसाठी, ढोलाच्या ठोक्यासाठी, क्षणभर उसळणाऱ्या आवाजासाठी. त्याला तीस-चाळीस खरे वॅट रग्गड झाले. शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पन्नासच्या दुप्पट जोरात वाजतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवा, वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट! त्यामुळे ‘फक्त चार हजार जास्त द्या आणि डबल पॉवर घ्या’ ही ऑफर गोड हसून नाकारायची.

दुसऱ्या दुकानात माणूस बरा होता. दोन स्पीकर्सच्या चार-पाच जोड्या फळीवर मांडलेल्या होत्या आणि तो एकेक लावून दाखवत होता. पण इथंही एक खाचखळगा असतोच, सेल्समनच्या मनात काही असो वा नसो. दोनपैकी जो स्पीकर किंचित मोठ्यानं वाजतो, तो आपल्याला चांगला वाटतो. फरक जेमतेम एक-दीड डेसिबलचा असेल, ‘मोठा’ म्हणून कळणारही नाही, पण ‘अधिक क्लिअर’, ‘अधिक जिवंत’ म्हणून नक्की कळतो. यावर इलाज फुकट आहे. फोनवर आवाज मोजणारं कुठलंही साधं अ‍ॅप टाका. त्याचा आकडा अचूक नसला तरी चालेल, दोन्ही वेळा फोन एकाच जागी धरून आकडा सारखा आणायचा आणि मग तुलना करायची. आम्ही तसं केलं आणि तोपर्यंत हीरो असलेली जोडी अचानक तिसऱ्या नंबरवर गेली.

ऐकायला काय न्यायचं? दुकानाचं गाणं कधीच ऐकू नका, ते निवडलेलंच असतं त्या स्पीकरला शोभेल असं. तुम्हाला पाठ असलेलं न्या. एक माणसाचा आवाज, कारण माणसाच्या आवाजात खोट असली की कान ती लगेच पकडतो. लता मंगेशकरांचा वरच्या पट्टीतला आवाज टोचायला लागला तर समजा ट्विटर कर्कश आहे. एक असं गाणं जिथं खूप वाद्यं एकदम वाजतात. आणि एक जुनं, पन्नास-साठच्या दशकातलं हिंदी किंवा मराठी गाणं. तुम्ही म्हणाल, जुनं कशाला? ती गाणी मुळात मोनो आहेत, दोन्ही स्पीकर्समधून हुबेहूब एकच येतं. त्यामुळे गायक दोन्ही स्पीकर्सच्या बरोब्बर मध्ये, एका जागी, अगदी बोट दाखवता येईल असा उभा राहिला पाहिजे. तो पसरट झाला किंवा एका बाजूला सरकला तर जोडीत, जोडणीत किंवा मांडणीत काहीतरी गडबड आहे. फक्त ते ‘झंकार बीट्स’वालं व्हर्जन नेऊ नका, प्लीज! त्यानं स्पीकरचं काहीच कळत नाही, ऐकणाऱ्याचं तेवढं कळतं.

मित्राला मोठे, जमिनीवर उभे राहणारे टॉवर हवे होते. दिसायला सॉलिडच. पण दहा फूट रुंदीच्या खोलीत काय होतं ते ऐका. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक सूर अडकून फुगतात. दहा फुटांच्या अंतरात तो सूर साधारण ५६ हर्ट्झचा आणि चौदा फुटांत ४० हर्ट्झचा. म्हणजे मोठ्या स्पीकरनं प्रयत्नपूर्वक खाली जाऊन जे काही आणलं त्यातलं निम्मं खोलीच गिळणार किंवा भलतंच फुगवणार, आणि एका विशिष्ट सुरावर सगळी खोली ‘हूंऽऽ’ करणार. बास गिटारची सगळ्यात जाडी तार ४१ हर्ट्झला असते. मेटलवाल्याला तिचा मोह होणं मी समजू शकतो. पण तानपुऱ्याचा तो खरज ६९ ला आहे, आणि पाच-साडेपाच इंची वूफर असलेला चांगला बुकशेल्फ स्पीकर तिथपर्यंत आरामात पोचतो. बास गिटारचंही बहुतेक सगळं ऐकू येतं, कारण वरच्या स्वरांवरून कान खालचा सूर ओळखून घेतो. फक्त छातीवर तो धक्का बसत नाही. चाळीस हजारांत मोठं खोकं घ्यायचं म्हणजे आत स्वस्त माल भरलेलं खोकं घ्यायचं, हे त्याला दोन टॉवर ऐकून स्वतःच पटलं.

लहान स्पीकरला हसू नका. बीबीसीनं सत्तरच्या दशकात आपल्या बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एक छोटा मॉनिटर तयार केला, एलएस३/५ए. फूटभर उंचीचा, पाच इंची वूफरचा. गाडीत जागा नाही आणि निवेदकाचा आवाज मात्र माणसासारखाच ऐकू आला पाहिजे, एवढीच अट. पन्नास वर्षं झाली, लोक अजून त्याचे गुण गातात. अट बघा ना, जागा नाही आणि आवाज माणसाचा हवा. आपल्या वन बीएचकेचीच अट की ही!

साउंडबारबद्दल विचारणार हे मला माहितीये. टीव्हीच्या बातम्या आणि सिरियलचे संवाद नीट ऐकू येण्यासाठी साउंडबार मस्त. घरात आजी-आजोबा असतील तर जरूर घ्या. पण सगळे स्पीकर्स एका तीन फुटी दांडक्यात कोंबले की डावं-उजवं असं उरतं किती? आणि आईबाबांना जुनी गाणीच ऐकवायची असतील तर २०१७ मध्ये आलेलं सारेगामाचं ‘कारवां’ आहेच, पाच हजार गाणी आत भरलेली, एक बटण फिरवायचं. तिथं स्टिरिओचा आग्रह धरायचं काही कारण नाही.

मग उरले दोन रस्ते. एक, अ‍ॅक्टिव्ह किंवा पॉवर्ड स्पीकर्स, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर खोक्याच्या आतच. फोन किंवा टीव्ही जोडा आणि ऐका. दहा-पंधरा हजारांत सुरुवात करायची असेल तर माझ्या मते हाच रस्ता. एडिफायरसारख्या कंपन्यांनी या वर्गात बरंच काही आणलंय. यामाहाचे पांढऱ्या कोनचे छोटे एचएस५ तर तुम्ही यूट्यूबवर प्रत्येक होतकरू म्युझिक डायरेक्टरच्या टेबलावर पाहिले असतील. स्टुडिओसाठीचे असले मॉनिटर जवळून ऐकायला असतात, बारा फुटांवरच्या सोफ्यासाठी नाही. पण लहान खोलीत किंवा टेबलावर एकदम सही. दुसरा रस्ता पॅसिव्ह स्पीकर्स आणि वेगळा अ‍ॅम्प्लिफायर. इथं थोडी खटपट आहे, पण उद्या अ‍ॅम्प्लिफायर बिघडला तर स्पीकर्स वाचतात, आणि पुढच्या बोनसला एकच वस्तू बदलता येते.

मित्रानं दुसरा रस्ता धरला. हिशेब असा: चोवीस हजारांची स्पीकर्सची जोडी, अकरा हजारांचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर, ज्यात ब्लूटूथही आहे आणि टीव्हीसाठी ऑप्टिकल इनपुटही. उरलेले पाच हजार स्टँड, वायर आणि सतरंजीला. हो, सतरंजी! तिच्याकडे येतोच. एकूण पैशांपैकी निम्म्याहून जास्त स्पीकर्सवर, हे गणित मी कुठल्याही बजेटला लावेन. आवाजाचा स्वभाव ठरतो तो स्पीकरनं आणि खोलीनं. बाकीचे सगळे मदतनीस.

वायरवरून दुकानदारानं शेवटचा डाव टाकलाच. ‘सर, एवढी छान जोडी घेतली, आता केबल पण तशीच हवी ना? ऑक्सिजन फ्री आहे, फक्त साडेचार हजार.’ आम्ही हसून बाहेर पडलो आणि तापकीर गल्लीतून दीड स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची दोन पदरी वायर घेतली, दहा-बारा फुटांना ती व्यवस्थित पुरते. मुंबईकरांना हेच लॅमिंग्टन रोडवर मिळेल. वायरीपेक्षा महत्त्वाचं काय, तर लाल ते लाल आणि काळा ते काळा. एका स्पीकरचं उलटं लागलं तर दोन्ही कोन विरुद्ध दिशेनं हलतात, बेस गायब होतो आणि मधला गायक धुक्यात विरून जातो. स्पीकर्स ‘पातळ’ वाजतात अशी तक्रार करणाऱ्या कितीतरी घरी मी जाऊन फक्त एक वायर उलटी केलीय आणि चहा पिऊन परत आलोय.

घरी आल्यावर खरी लढाई. टीव्ही युनिट! आपल्याकडच्या इंटिरिअरवाल्यांना स्पीकरसाठी कोनाडा करायची फार हौस. सनमायकाचा, मापात बसणारा, वरून एलईडीची पट्टी. घरमालकानं इथंही तो करून ठेवला होता. बहुतेक बुकशेल्फ स्पीकर्सना हवा जायला मागे भोक असतं, ते कोनाड्यात कोंबलं की तिथं बेसचा गोळा होतो आणि घागरीत तोंड घालून गायल्यासारखं ऐकू येतं. म्हणून स्टँड. आम्ही ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी करून घेतले, आतला पाइप वाळूनं भरला. उंची एवढीच ठेवायची की बसल्यावर ट्विटर कानाच्या रेषेत यावा.

मग दहा फुटी भिंतीसमोर दोन स्पीकर्स सहा फुटांच्या अंतरावर ठेवले, मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे, बाजूच्या भिंतींपासून सारखे लांब. भिंतीला चिकटवले की बेस फुगतो, कोपऱ्यात सरकवले की आणखी फुगतो. तुमच्याकडे पुढे आणायला जागाच नसेल तर त्या मागच्या भोकात एक गुंडाळलेला मोजा घाला. हसू नका, काही कंपन्या याच कामासाठी खोक्याबरोबर फोमचा बोळा देतात. सोफाही मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला. आता ऐकणाऱ्याची जागा आणि दोन स्पीकर्स यांचा समद्विभुज त्रिकोण व्हायला हवा. नुसता अंदाज घेऊ नका, सुतळी घेऊन मोजा. दोन स्पीकर्सच्या अंतरात अर्ध्या फुटाचा फरक असला तरी गायक जवळच्या स्पीकरकडे पळतो.

आता सतरंजी. हॉलच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवा. ‘टर्र्’ असा धातूसारखा शेपूट लागलेला आवाज आला का? व्हिट्रिफाइड टाइल्स, चार उघड्या भिंती आणि काचेची स्लायडिंग खिडकी असलेल्या नव्या फ्लॅट्समध्ये तो येतोच. मग कितीही भारी स्पीकर आणा, तो कर्कश वाटणार. आम्ही सोफ्यासमोर जाड सतरंजी टाकली, खिडकीला जाड पडदे लावले. बाजूच्या भिंतीसाठी आरशाची युक्ती आहे. एकानं सोफ्यावर बसायचं, दुसऱ्यानं आरसा भिंतीला लावून सरकवत न्यायचा. बसलेल्याला आरशात जिथं स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज आपटून परत येतो. तिथं पुस्तकांचं कपाट ठेवा किंवा काहीतरी मऊ टांगा. तिनं तिथं आजीनं शिवलेली गोधडी टांगली. दिसायलाही कूल, ऐकायलाही. पण एक सांगतो, पडदे-गोधड्यांनी वरचे सूर शांत होतात, बेस नाही. बेससाठी सोफा सरकवणं हाच गरिबाचा उपाय.

खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, त्यांचाही विचार झाला. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा सांगतात. पण मर्यादेपेक्षा स्लॅब महत्त्वाचा, कारण खाली उतरतो तो बेस. स्टँडखाली रबराचे जाड तुकडे ठेवले, आणि सबवूफरचा विषय मित्रानं तूर्तास स्वतःहून बंद केला. तूर्तास! तो त्याच्या डोक्यात आहे हे मला ठाऊक आहे.

गाणं कुठून वाजवायचं, यावर लोक उगाच डोकं फोडतात. ब्लूटूथनं आवाज थोडा दाबला जातो, पण स्वयंपाक करताना कोणाला फरक पडतो? मन लावून ऐकायचं असेल तेव्हा वायर जोडा. अ‍ॅपल म्युझिकनं २०२१ पासून जादा पैसे न घेता लॉसलेस दिलंय, आणि कपाटात सीडी पडून असतील तर त्या आजही तितक्याच उत्तम. या बजेटात इतकं पुरे.

पहिल्या रात्री मी तिथंच होतो. तिनं तानपुरा लावला, मग किशोरीताई आमोणकर. खरज आला, पूर्ण आला, आणि आलाही समोरूनच. वीसेक मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग त्यानं त्याचं मेटल लावलं. तीन मिनिटांनी ती म्हणाली, ‘अरे, यात मागे एक बाई गातेय, तू कधी सांगितलं नाहीस!’ त्यानं ते गाणं शंभर वेळा ऐकलंय. त्यालाही माहीत नव्हतं. आता भांडण वेगळंच आहे. त्रिकोणाच्या टोकाला नीट ऐकू येईल अशी जागा एकच असते आणि माणसं दोन. सध्या सम तारखांना ती आणि विषम तारखांना तो मध्ये बसतो. महिना एकतीसचा असला की त्याची चंगळ.

चाळीस हजारही नाहीत? मग सेकंड हँड बघा. अनेक जण घर बदलताना चांगल्या जोड्या फुंकून टाकतात. कोलकात्याच्या सोनोडाईनचे जुने देशी स्पीकर्स हाती लागले तर थांबून बघाच. टॉर्च न्या, पुढची जाळी काढा आणि कोनाच्या भोवतीची कड तपासा. रबराची असेल तर ती खूप वर्षं टिकते, फोमची असेल तर आपल्या दमट हवेत तिचा भुगा होतो. बोट लावलं की पीठ हाताला येतं. चारही बोटांनी कोन अगदी हळू आत दाबा. खरखर लागली तर आतली कॉइल घासतेय, नमस्कार करा आणि निघा. ट्विटरला मात्र हात लावू नका, तो चेपला की चेपला. दोन्ही स्पीकर्स वेगवेगळे वाजवून बघा, आणि एकच शिल्लक आहे म्हणून कुणी निम्म्यात देत असेल तर त्याला सांगा, आम्ही दोघं आहोत.

पुढच्या आठवड्यात हेडफोन्स. सम तारखेला बाजूला बसणाऱ्यांसाठी.